कॉल लावणाऱ्यांनो, तासभर गप्प बसायला काय घेता?

पक्ष्याचा फोटो हवा असेल तर गप्प बसावे लागते, ही साधी गोष्ट आमच्या कोल्हापुरातल्या काही कॅमेरेवाल्यांच्या डोक्यात का शिरत नाही, हे मला आता खरोखरच समजेनासे झाले आहे. लाखांच्या घरातली लेन्स घेण्याची ऐपत आहे, पहाटेच्या अंधारात राधानगरीचा रस्ता धरून दाजीपूरचे जंगल गाठण्याची हौसही आहे. पण एका झाडाखाली तासभर तोंड मिटून बसण्याची तयारी मात्र नाही. मग सॅकमधून बाहेर येतो तो मेला ब्लूटूथ स्पीकर, आणि पक्ष्याला जवळ बोलावायला त्यावर लागतो 'कॉल', म्हणजे त्याचाच ध्वनिमुद्रित आवाज.

मलबारी कर्ण्यासारखा पक्षी टिपायचा तर थांबण्यावाचून गत्यंतर नसते. नराचे पोट लालभडक असले तरी पाठ तपकिरी असते, आणि माणसाची चाहूल लागताच हा पठ्ठ्या नेमकी पाठच आपल्याकडे करून फांदीवर निश्चल बसतो, त्यामुळे समोर असूनही तो चटकन दिसत नाही. त्यात दाट झाडीतला उजेड इतका तुटपुंजा की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढवूनही शटरचा वेग एक साठांश सेकंदाच्या पुढे नेताना जीव मेटाकुटीला येतो. त्याने मान वळवेपर्यंत हात स्थिर ठेवून वाट पाहणे, एवढेच आपल्या हाती उरते. नेमक्या अशा वेळी मागून त्याच पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज घुमू लागतो आणि पाठोपाठ फर्मान येते, "भावा, जरा मोठ्यानं लाव की, आत्ता येतंय बघ!"

येतो ना, येणारच. त्या बिचाऱ्याला वाटते की आपल्या हद्दीत कोणी परका नर घुसला आहे, म्हणून तो चारा टिपणे सोडून, विणीचा हंगाम असेल तर घरट्याकडे पाठ फिरवून, त्याला हुसकावून लावायला धावतो. पावसाच्या तोंडावर येणाऱ्या नवरंग पक्ष्याचेही हेच हाल होतात. एक टोळके गेले की दुसरे येऊन तोच कॉल लावते, आणि पाखरू दिवसभर अस्तित्वातच नसलेल्या शत्रूशी भांडत राहते.

दाजीपूरचे हे रान एके काळी कोल्हापूरच्या महाराजांच्या शिकारीसाठी राखलेले होते, आणि शिकार म्हटली की हाकारे घालून जनावर बंदुकीच्या टप्प्यात आणणे ओघाने आलेच. 1958 साली ते अभयारण्य झाले, पण हाकारा काही थांबलेला नाही. तो आता ब्लूटूथवर चालतो. अभयारण्यात वन्य प्राण्याला डिवचण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे आणि त्या कायद्यात पक्षीही येतात, असे सांगायला जावे तर उत्तर मिळते, "आम्ही काय दगड मारतोय काय?"

नसाल मारत. पण घरी जाऊन तुम्ही जो फोटो मिरवता, त्यात त्याची पिसे फुललेली असतात, चोच उघडी असते, मान ताणलेली असते, आणि खाली तुम्ही अभिमानाने लिहिता, "काय पोझ दिली राव, नाद खुळा!" अहो, ती पोझ नव्हे, तो तुमच्यावर ओरडतो आहे.