शेवटचं किती, हे विचारू नका

चौदा वर्षं झाली, मी कोल्हापुरात गाड्या विकतोय. गिऱ्हाईक कागलचं असो, गारगोटीचं असो नाहीतर राजारामपुरीचं, खुर्चीत बसून चहा आला की एकच प्रश्न येतो. "ते सगळं ऱ्हाऊ दे, शेवटचं किती द्यायचं तेवढं सांगा." या एका प्रश्नापायी माणसांचं किती नुकसान होतं ते मी रोज बघतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

शेवटचा आकडा कमी मागितला की तो कमी करून मिळतो. कशातून कमी केला, ते कोणी विचारत नाही. गाडीच्या किमतीत शोरूमला फार सुटत नाही. शोरूम चालतं ते विमा, कर्ज, अॅक्सेसरीज आणि सर्व्हिसिंगवर. आमचा इन्सेंटिव्हसुद्धा नुसत्या गाड्यांवर मोजत नाहीत, महिन्यात किती पॉलिसी आणि लोनच्या किती फाईली शोरूममधून केल्या तेही बघतात. त्यामुळे एका ओळीत दिलेली सूट दुसऱ्या ओळीतून वसूल होते. आणि कधी कधी त्याहून वाईट होतं.

२०१८ च्या दसऱ्याला शिरोळ तालुक्यातल्या एका आप्पांना मी गाडी दिली. घरची आठ-दहा माणसं घेऊन आले होते, खिशात दुसऱ्या शोरूमचं कोटेशन. फरक अडीच हजारांचा. मॅनेजर म्हणाले, सौदा सोडायचा नाही. मी पॉलिसीतून इंजिन प्रोटेक्टची (इंजिनाच्या जादा विम्याची) ओळ काढली, आकडा जुळला, पेढे वाटले. आप्पांनी विचारलं, "इन्शुरन्स फुल हाय न्हवं?" मी हो म्हणालो.

पुढच्या ऑगस्टमध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. पुलाच्या शिरोलीजवळ हायवे बंद. पाणी उतरल्यावर आप्पांचा फोन आला, मी गेलो. गोठ्याच्या बाजूला गाडी उभी होती. दारांवर चिखलाची रेघ, सीटवर बोटभर गाळ, आरशाला दसऱ्यातला वाळका हार तसाच. आप्पा म्हणाले, "लागती का बघू म्हणून नुसती चावी फिरवली रं."

तेवढ्यानं इंजिन गेलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनीनं सीट, वायरिंग वगैरेचे पैसे दिले आणि इंजिनाला नाही म्हटलं, कारण चावी फिरवून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. त्यासाठीच ती ओळ असते, जी मी काढली होती. आप्पा भांडले नाहीत. "तू फुल म्हणला हुतास," एवढंच बोलले. ते मला आजही टोचतं.

म्हणून सांगतो, 'फुल इन्शुरन्स' नावाची पॉलिसी नसते. झिरो डेप (घसारा न कापता सुट्या भागांची भरपाई) वेगळं, इंजिन प्रोटेक्ट वेगळं, रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण बाद झाली तर बिलाची रक्कम) वेगळं. पॉलिसीच्या कागदावर कुठली नावं छापलीत ते आपल्या बोटानं वाचा. शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन आणा, फक्त दोन्हीकडं आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि अॅड-ऑन (वर सांगितलेली जादा संरक्षणं) सारखेच आहेत ना ते बघा. आणि गाडी बुडाली तर चावीला हात लावू नका. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, टो करून न्या.

कर्जाचंही तसंच. हप्ता किती बसतो एवढंच विचारतात. व्याज फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की घटत्या शिलकीवर (फेडून उरलेल्या रकमेवर), हे विचारणारा महिन्यातून एखादा. ५ वर्षांच्या मुदतीला १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास. ऐकायला दहा, भरायला सतरा. ८ लाख साडेनऊ टक्क्यांनी (हे घटत्या शिलकीवर) ५ वर्षांऐवजी ७ वर्षांसाठी घेतले तर हप्ता पावणेचार हजारांनी उतरतो, पण व्याज ९० हजारांनी वाढतं. उसाचं बिल वर्षातून एकदा हातात येणाऱ्याला मी आधी हे विचारायला लावतो, की मधेच मोठी रक्कम भरली तर दंड किती?

१० लाखांच्या वरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतलेला आयकर) लागतो. तो रिटर्न भरून परत मिळतो. आमचे कितीतरी शेतकरी रिटर्नच भरत नाहीत, ते पैसे तसेच सरकारजमा राहतात. हे सांगायला एक मिनिट लागतं, तरी सांगत नाहीत.

गाडी कुठली घ्यावी यावर मी फार बोलत नाही, ज्याची त्याची आवड. पण एका बाबतीत मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो. रोज राजारामपुरी ते महाद्वार रोड एवढीच धाव असेल तर डिझेल घेऊ नका. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जळायला इंजिन चांगलं तापून सलग चालावं लागतं. गावातल्या गावात फिरून तो तुंबतो, दिवा लागतो, खर्च निघतो. गगनबावडा उतरून आठवड्याला कोकणात जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आता मुहूर्ताचं. पितृपंधरवड्यात शोरूम ओस पडतं. बोलणी तेव्हा करा, गाडी दसऱ्याला न्या. त्या दिवसांत आमच्याकडं तुमच्यासाठी वेळ असतो आणि मॅनेजर टार्गेटच्या काळजीत असतो. मात्र सूट बुकिंगच्या तारखेची की बिलाच्या तारखेची, हे लिहून घ्या. २०२५ ला हे सगळ्यांनी बघितलं. छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तो २२ सप्टेंबरला, नेमका घटस्थापनेला. ज्यांचं आधी नुसतं बुकिंग होतं त्यांना नवा दर मिळाला, ज्यांनी आधीच बिल करून घेतलं त्यांना नाही. उलटंही होतं, जानेवारीत किंमत वाढली तर डिसेंबरचं बुकिंग तुम्हाला वाचवत नाही.

दसऱ्याच्या दिवशी गाडी तपासायला जाऊ नका. त्या गर्दीत आम्हालाही श्वास घ्यायला उसंत नसते. पासिंगच्या आधीच यार्डात जाऊन बघा. टायरवरचे चार आकडे (आठवडा आणि वर्ष), किलोमीटर, चेसिस नंबर, बनावटीचा महिना. एकदा नंबर पडला की गाडी तुमची.

जुनी गाडी एक्सचेंजला देणाऱ्यांनी फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे फॉर्म) नुसती सही करून घरी जाऊ नये. आरसीवर नाव बदललंय का ते मागं लागून बघा, नाहीतर कुणाच्या तरी अपघाताची नोटीस तुमच्या दारात येते.

आप्पांच्या त्या गाडीनंतर मी कोटेशनवर पेनानं दोन आकडे लिहितो, एक इंजिन प्रोटेक्टसह, एक त्याच्याशिवाय, आणि फरक समजावून मगच सही घेतो. मॅनेजर म्हणतात, वेळ जातो, सौदे सुटतात. काही सुटलेतही. बहुतेक जण कमी आकड्यावर खूण करतात. मग मी गाव विचारतो. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ, कुरुंदवाड असं पुराच्या पट्ट्यातलं काही ऐकलं, की परत चहा सांगतो आणि त्यांना बसवून घेतो.