शाळेत बंदूक सापडली, मग पोराच्या आधी घराकडे बघा

शाळेच्या आवारात बंदूक सापडल्याची बातमी आली की इथे मिशिगनमध्ये आमच्या पालकांच्या ग्रुपवर एकच सूर लागतो: शिक्षा वाढवा, पोरांना धाक बसू दे. राग समजतो. पण शिक्षा आजही काही कमी नाही. अमेरिकेत शाळेपासून हजार फुटांच्या आत बेकायदा बंदूक बाळगली तर 5 वर्षांपर्यंत तुरुंग. कायदा 1990 चा. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 असा तो रद्द केला, संसदेने पुढच्याच वर्षी दुरुस्त करून परत आणला.

रद्द झाला तो खटला सॅन अँटोनिओच्या बारावीतल्या मुलाचा. 1992 साली पाच गोळ्या आणि एक पिस्तूल घेऊन तो शाळेत आला होता, 40 डॉलरसाठी दुसऱ्या कुणाला तरी पोचवायला. सापडला कसा? निनावी खबर मिळाली म्हणून. आपण सांगितलं तर दोस्त वर्षानुवर्षं आत जाणार, अशी भीती असली तर कुठलं पोरगं तोंड उघडेल?

ऑक्सफर्ड हायस्कूल तर आमच्याच ओकलंड काउंटीतलं. 30 नोव्हेंबर 2021. मुलगा 15 वर्षांचा, बंदूक बापाने चारच दिवसांपूर्वी घेतलेली. त्या सकाळी त्याच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचं चित्र दिसलं, आणि विचार थांबत नाहीत, मदत करा, असं लिहिलेलं. आईबापांना बोलावलं. त्यांनी त्याला घरी नेलं नाही. दप्तर कुणीच उघडून पाहिलं नाही. दुपारी त्याने शाळेतच गोळीबार केला, त्यात चार मुलांचा जीव गेला. मुलाला जन्मठेप झाली, आणि 2024 मध्ये आईबापांनाही 10 ते 15 वर्षं. जन्मठेपही सोसायला तयार असलेल्या पोराला आणखी पाच वर्षांचा काय धाक?

2024 पासून इथे मुलं असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवणं सक्तीचं आहे. कुणाचा जीव गेला तर मालकाला जबर शिक्षा. पण मुलाने नुसती बाहेर नेली, कुणाला काही झालं नाही, तर? 93 दिवसांपर्यंत कैद. वाढवायचीच असेल तर ही वाढवा. माणसं मेल्यावर कसली कडक शिक्षा करता!

आणि आपल्या मराठी घरांतही आता बंदुका आल्यात, उगाच कानावर हात ठेवू नका. मुलाला कुणाकडे खेळायला पाठवताना शेंगदाण्याची ॲलर्जी आपण बिनदिक्कत सांगतो. मी आता त्याच फोनवर विचारते, "घरात बंदूक आहे का? कुलपात आहे ना?" एका ताईंना राग आला. येऊ दे.