पुढे चला, जागा आहे!

टक्कल पडण्यात खरा दगा असतो तो वेगाचा. पाय मोडला तर माणसाला त्याच दिवशी बोंबलता येतं, चार लोक भेटायला येतात. केस मात्र असे जातात की तक्रार नोंदवायला तारीखच सापडत नाही. त्यातून कुठेतरी वाचलेलं असतं की निरोगी डोक्यावरूनही रोज ५० ते १०० केस गळतातच. झालं! पुढची काही वर्षं उशीवरचा प्रत्येक केस 'कोट्यातला' धरून मी निवांत घोरलो. जाणाऱ्यांची मोजदाद चालू होती. त्यांच्या जागी येणारे दरवेळी आणखी बारीक होऊन येत होते, तिकडे मात्र लक्ष नव्हतं.

पहिली खबर न्हाव्याने दिली, तीही न बोलता. पूर्वी केस कापून झाले की मागे आरसा धरून "बघा, ठीक आहे ना?" म्हणून तो थांबायचा. हल्ली आरसा डोक्यामागून असा झपकन फिरवतो, की त्यात भोवरा दिसायच्या आत तो परत खिळ्याला लटकलेला असतो. बिचाऱ्याची माया आहे. लिफ्टमधल्या दिव्याला ती नाही. आणि व्हिडिओ कॉलवर मान खाली घालून काही लिहायचं तर मी सोडूनच दिलंय. नोंदी ताठ मानेने, न बघता करतो. नंतर त्या मलाही वाचता येत नाहीत.

मग अभ्यासाला लागलो. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं आणि ज्यांच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला भितात, ती मुळं आक्रसत जातात. म्हणजे संप्रेरक जास्त असतं असं नाही, मुळंच हळवी. जेम्स हॅमिल्टन नावाच्या संशोधकाने १९४२ मध्येच दाखवून दिलं होतं, की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्या पुरुषांना असलं टक्कल पडत नाही. टकलावरचा इतका खात्रीचा उपाय इतक्या जुन्या काळापासून ठाऊक असून लोक रांगा का लावत नाहीत, ते मी समजू शकतो.

याच हॅमिल्टनच्या वर्गीकरणात सुधारणा करून नॉरवुड या डॉक्टरने १९७५ मध्ये टकलाच्या सात पायऱ्या ठरवल्या. सातव्या पायरीवर कानापासून कानापर्यंत मागून एक पट्टा तेवढा उरतो. मी तिसरीवर, तिथेही 'भोवऱ्यासह' या पोटविभागात. कुठल्याशा यादीत खालचा नंबर मिळाल्याचा आनंद आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

औषधांची कथा आणखी अपमानास्पद. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं; घेणाऱ्यांना नको तिथे केस यायला लागले म्हणून ते डोक्याला चोळायचं ठरलं. फिनास्टेराइड मूळचं वाढलेल्या प्रोस्टेटचं. म्हणजे तरुणांच्या डोक्याकडे थेट बघायला विज्ञानाला सवड नव्हती. आजोबांच्या गोळ्यांतून उरलंसुरलं आपल्या वाट्याला आलं. दोन्ही औषधं घेत राहाल तोवरच चालतात. फिनास्टेराइडच्या दुष्परिणामांची यादी मी रात्री बारा वाजता वाचली. फार थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होते म्हणे. केस हवेत ते कशासाठी, आणि त्यांच्यापायी नेमकं काय जाण्याचा धोका, याचा विचार करत छताकडे बघत पडून राहिलो.

तेव्हा ठरवलं, ट्रान्सप्लांट! एकदाच काय तो सोक्षमोक्ष.

ट्रान्सप्लांटमध्ये नवा केस एकही उगवत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. डोक्याच्या मागचे केस डीएचटीला भीक घालत नाहीत, आणि उचलून पुढे लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. नॉर्मन ऑरेंट्राइक या डॉक्टरने १९५९ मध्ये हे मांडलं. सगळा धंदा त्या स्वभावावर चालतो. गर्दीच्या बसमधला कंडक्टर जसा "पुढे चला, पुढे जागा आहे" म्हणून ढकलत असतो, तसं मागच्यांना पुढे ढकलायचं. फक्त इथे मागून नवे प्रवासी चढत नाहीत.

पहिल्या ठिकाणी मला डॉक्टर भेटलेच नाहीत. गोड बोलणारा एक 'काउन्सेलर' भेटला. त्याने माझ्या डोक्याकडे, मी लिंबू-मिरचीकडे बघतो तितका वेळ बघितलं आणि म्हणाला, "तीन हजार ग्राफ्ट. या आठवड्यात बुक केलं तर सवलत." ग्राफ्ट म्हणजे मुळासकट उचललेला केसांचा छोटा पुंजका. केसांना सवलत ऐकून मला कससंच झालं.

दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कॅमेऱ्याचं भिंग डोक्याला टेकवलं आणि समोरच्या पडद्यावर माझं रान उघडं पडलं. एकाच छिद्रातून शेजारी शेजारी आलेले दोन केस: एक दणकट काळा, दुसरा लव म्हणावी असा फिका. "हा जातोय," त्या फिक्याकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, आणि मला उगाच त्याची ओळख पटल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी मार्करने कपाळावर रेघ मारली. मी आरशात बघून म्हटलं, "जरा खाली घेता येईल? सतराव्या वर्षी इथे होते."

"साठाव्या वर्षीही इथेच शोभतील का?"

आता साठाव्या वर्षीच्या त्या गृहस्थाला मी कुठे शोधू? पण बाईंचं म्हणणं तेच होतं. माझं टक्कल अजून पुरतं ठरलेलं नाही. आत्ता पुढे दाट किनार लावली आणि मूळचे केस मागे सरकतच राहिले, तर मधे मोकळं मैदान उरेल. मागचा साठा संपणारा. त्यातला निम्मा काढला तरी मागची बाजू विरळ दिसायला लागते. तो साठा आज माझ्यासाठी उडवायचा की त्या गृहस्थासाठी राखायचा? शिवाय लावलेले केस काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा येऊ लागतात आणि पूर्ण रूप दिसायला वर्ष लागतं. म्हणजे पैसे मोजून आधी आणखी टक्कल.

"घरात कोणाकोणाला आहे?" बाईंनी विचारलं. मी घरी येऊन मामाला फोन लावला.

"मामा, तुझे केस कितव्या वर्षी गेले?"

"गेले कुठे? कपाळ वर आलं."

"पण कधीपासून?"

"तुझ्या मामीला विचार, तिने पाहिलंय. मी समोर बघून चालतो."

बाबांनी तर प्रश्नच उडवून लावला आणि टोपी घालून फिरायला निघून गेले.

तर सध्या निकाल असा: औषधं चालू, दर तीन महिन्यांनी एकाच उजेडात फोटो, आणि वर्षाने पुन्हा त्याच बाईंकडे. ती रेघ अंघोळीला निघाली. अडचण एवढीच, की स्वतःच्या भोवऱ्याचा फोटो स्वतःला काढता येत नाही. म्हणून धाकट्या भावाला बसवला. वय वर्षे बावीस, डोक्यावर जंगल, तोंडावर मिश्कील हसू. खुर्चीवर चढून त्याने वरून फोटो काढला, मोठा करून बघितला, आणि त्याचं हसू जरा सैल पडलं.

"दादा, ते मिनॉक्सिडिल किती टक्क्यांचं आणतोस रे? पाच?"

"हो. का?"

"काही नाही. एका मित्राला हवंय."