मराया चाललो आम्ही

बेटाचं नाव स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर मारिया. पण तिथले लोक म्हणतात मराया. हे मला लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मी पोहे खात होतो आणि शेंगदाणा घशातच अडकला, कारण वाक्य असं होतं, "बाबा, तुमच्या लग्नाला तीस वर्षं झाली ना, म्हणून तुम्हा दोघांचं मरायाचं बुकिंग केलंय."

लेक मेलबर्नला असते, आम्ही तिच्याकडे दोन महिने राहायला जाणारच होतो. मला वाटलेलं की गिफ्ट म्हणजे पाय दाबायचं मशीन वगैरे असेल, तर हे पाय मोडायचं निघालं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया, त्याच्या पूर्व किनाऱ्याजवळ हे बेट, चार दिवस तीन रात्री, गाईडसोबत चालायचं. नुसतं चालायचं. तिथे आपली गाडी नेता येत नाही, दुकान नाही, हॉटेल नाही, चहाच्या टपरीचं तर नावच काढू नका. आमच्याकडे लोक एसटी चुकली की चालतात, इथे त्याचे डॉलर घेतात. बरं, वारीला जाणारे चालतात पण त्यांना शेवटी पांडुरंग तरी भेटतो. "इथे शेवटी काय आहे?" मी विचारलं. लेक म्हणाली, "बाबा, व्हॉम्बॅट!" म्हणजे तिथला एक आखूड पायांचा, गवत खाणारा केसाळ प्राणी.

बायको मात्र दुसऱ्या दिवसापासून सोसायटीचे जिने चढायला लागली, पाठीवर पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन. मी तयारी म्हणून एक ब्राऊन फ्लीसचं जॅकेट घेतलं, सेलमध्ये होतं, एकच साईज उरलेली, माझ्यापेक्षा दोन नंबर मोठी. हे जॅकेट लक्षात ठेवा.

हे नाव पडलं कसं तेही ऐका. १६४२ साली आबेल टास्मान हा डच खलाशी इकडून गेला आणि त्याने बेटाला सरळ बॉसच्या बायकोचं नाव देऊन टाकलं. बॉस म्हणजे बटाव्हियाचा, आजच्या जकार्ताचा, डच गव्हर्नर जनरल अँथनी व्हॅन डीमेन, बायको मारिया. एवढ्यावर थांबला नाही, आख्ख्या टास्मानियाला बॉसचं नाव दिलं (टास्मानिया हे नाव नंतरचं). मी बँकेत चौतीस वर्षं काढली, प्रमोशनची लिस्ट जवळ आल्यावर माणूस काय काय करतो हे मला कोणी सांगू नये. तिथे आधीपासून राहणाऱ्यांची स्वतःची नावं होती, पण ती कोण विचारतंय.

तर ट्रायाबना नावाच्या छोट्या गावातून बोट. आम्ही दहाजण आणि दोन गाईड, एक दाढीवाला मुलगा आणि एक मुलगी, दोघंही आमच्या लेकीहून लहान. बोटीने बेटाच्या दक्षिणेकडच्या एका बीचपाशी सोडलं, म्हणजे बीचवर नाही, बीचच्या अलीकडे पाण्यात. बूट गळ्यात, पॅन्ट गुडघ्यापर्यंत, डोक्यावर सॅक. पाणी असं गार की पायाला आधी झोंबलं आणि मग पाय आहेत की नाहीत तेच कळेना. ऍडलेडचं एक सत्तरीच्या पुढचं जोडपं होतं, ते माझ्या बाजूने टणटण उड्या मारत पुढे गेलं आणि त्यातल्या आजी मला म्हणाल्या, "लव्हली, इजन्ट इट?" मी हो म्हणालो. पुढचे चार दिवस त्या मला फक्त पाठमोऱ्या दिसल्या.

किनाऱ्यावर सापांचं ब्रीफिंग. टास्मानियात सापाच्या तीनच जाती आहेत. हे ऐकून मी बायकोकडे बघून हसलो, आपल्याकडे किती आहेत बघ. मग गाईड म्हणाली की तिन्ही विषारी आहेत, पण काळजी नको, तिघांवर औषध एकच चालतं. आमच्या नाक्यावरचा डॉक्टर पण सगळ्यांना एकच गोळी देतो, त्यामुळे मला तसं घरच्यासारखं वाटलं.

त्यानंतर शपथ. खोटं नाही सांगत, या बेटावर येणाऱ्याने व्हॉम्बॅटला वचन द्यायचं असतं. तुझ्या फार जवळ येणार नाही, सेल्फी स्टिक घेऊन तुझ्या मागे धावणार नाही, असं. धावण्याबद्दल मी त्याला अगदी मनापासून वचन दिलं.

मग चाललो. पांढरी वाळू, निळं पाणी, माणूस नाही काणूस नाही, सुंदर होतं यात वादच नाही, पण वाळूत चालणं म्हणजे दोन पावलं पुढे एक मागे, आमच्या प्रमोशनसारखं, आणि वाळू संपली की निलगिरीची झाडं, झाडं संपली की परत वाळू. "किती राहिलं?" असं मी दर अर्ध्या तासाने विचारायचो आणि गाईड दर वेळी "जस्ट अराउंड द कॉर्नर" म्हणायची. बेट आहे हो, त्याला सगळीकडे कॉर्नरच आहेत.

पहिल्या संध्याकाळी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कांगारू बघितले, आडवे पडून पोट खाजवत होते. वॉलबी, म्हणजे छोटे कांगारूच, बसलेले. केप बॅरन गीज म्हणून राखाडी हंसासारखे पक्षी, चोचीवर पोपटी रंगाचा लेप, पाय गुलाबी, थेट लग्नाच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेतल्या मावश्या, त्या पण बसूनच चरत होत्या. यातले बरेचसे प्राणी मुळात इथले नाहीतच, टास्मानियाच्या मुख्य भूमीवर संख्या कमी होत चालली म्हणून पन्नासेक वर्षांपूर्वी सरकारने आणून सोडले, बेट नॅशनल पार्क झालं १९७२ मध्ये. म्हणजे सरकारी क्वार्टर, फुकट चारा, ड्युटी काही नाही. आख्ख्या बेटावर पाठीवर ओझं घेऊन चालणारा प्राणी एकच, आणि त्यानेच पैसे भरलेले.

रात्री तंबूत झोपलो तर बाहेर कोणीतरी कापड खाजवतंय. मी बायकोला म्हटलं, "अगं, कोणीतरी आहे." ती म्हणाली, "अहो, मग त्याला आत घेऊ का?" आणि कूस बदलून झोपली. नंतर लांबून एक किंचाळी आली, कुकरचं व्हॉल्व्ह उडाल्यासारखी. सकाळी कळलं की तो टास्मानियन डेव्हिल, छोट्या कुत्र्याएवढा मांसाहारी प्राणी. त्यांच्यात तोंडाच्या कॅन्सरची साथ आली, एकमेकांना चावल्याने पसरते, म्हणून २०१२ साली काही निरोगी डेव्हिल या बेटावर आणून ठेवले, निदान वंश तरी वाचावा. वाचला. चांगले वाढले. फक्त बेटावर छोट्या पेंग्विनची हजारो जोडपी होती ती खाऊन संपवली. आमच्या सोसायटीत चोऱ्या होतात म्हणून वॉचमन ठेवला, त्याने पाण्याची मोटर विकली, त्यातलाच प्रकार.

दुसऱ्या दिवशीचं फार सांगत नाही. चौदा किलोमीटर. तीन फोड, दोन डावीकडे.

पण त्या दिवशीची जेवणाची सुट्टी सांगायलाच हवी. मी घरून शेंगदाण्याचे लाडू नेले होते. एअरपोर्टवर कुत्रा बॅगा हुंगत फिरतो, फळं-बिळं आणू देत नाहीत, मी लाडू इमानदारीने डिक्लेअर केले, कुत्र्याने पण हुंगून सोडून दिले. तर सॅक दगडाला टेकवून मी बूट काढत बसलो होतो. एक काळा पक्षी आला, आपल्या डोमकावळ्याएवढा, चोच जाडजूड, डोळा पिवळाधमक. करावाँग म्हणतात त्याला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग सॅककडे. मग चेनची दोरी चोचीत धरली आणि मान तिरकी करून हळू, अगदी हळू, मागे मागे चालत गेला. चेन उघडली. मला स्वतःला ती चेन सकाळी दोन वेळा अडकली होती. मग डोकं आत, वरचे मोजे त्याने बाजूला ठेवले, ठेवले म्हणतोय, फेकले नाहीत, आणि लाडवाची पिशवी ओढून काढली. मी "ए, हाड!" म्हणेपर्यंत झाडावर.

गाईड मलाच रागावली. प्राण्यांना खायला द्यायचं नसतं. मी दिलं नव्हतं हो! पण बायकोचं लक्ष वेगळीकडेच. ती म्हणाली, "आमच्या मामांच्या दहाव्याला तीन तास कावळा शिवत नव्हता. तुम्ही मराया पोचलात काय आणि दुसऱ्याच दिवशी शिवला काय. कसली म्हणून इच्छा राहिली नाही तुमची." मी म्हटलं लाडवाची राहिली ना.

तिसऱ्या दिवशी पेंटेड क्लिफ्स, ओहोटीच्या वेळी जावं लागतं. वाळूच्या दगडाचे कडे, त्यात पाण्याबरोबर लोखंडाचा गंज झिरपून केशरी, तांबड्या, पिवळ्या लाटाच लाटा उमटलेल्या. सगळे गप्प झाले, ऍडलेडच्या आजींनी चष्मा काढून पुसला. मला इतकं ओळखीचं वाटत होतं पण आठवेना, आणि आठवलं ते मोठ्याने बोललो, "अगं, आपल्या तहसील ऑफिसचा जिना!" थुंकू नये पाटी लावलेला कोपरा तंतोतंत हाच. बायको दिवसभर बोलली नाही.

त्या रात्री डार्लिंग्टनला मुक्काम, चक्क जेलमध्ये. इंग्रजांनी इथे दोनदा कैदी ठेवले, १८२५ ते ३२ आणि परत १८४२ ते ५०, आता ती जागा युनेस्कोच्या यादीत आहे. कैद्यांच्या त्याच इमारतीत बंक बेड, लाकडाची शेगडी, लाईट नाही. जिथून पळून जायला कैदी जिवावर उदार व्हायचे तिथे आम्ही ऍडव्हान्स बुकिंग करून आलेलो. कैद्यांनंतर १८८४ मध्ये बर्नाकी नावाचा इटालियन आला, त्याने रेशीम आणि वाईनचा धंदा काढला, गावाचं नाव सॅन डिएगो ठेवलं, ते काही टिकलं नाही, मग सिमेंट, ते पण बुडालं, सिमेंटचे दोन-तीन सायलो अजून धक्क्यापाशी उभे आहेत. बर्नाकीचा मुलगा लुई इथेच वाढला आणि पुढे अंटार्क्टिकाच्या जमिनीवर पहिल्यांदा हिवाळा काढणाऱ्या तुकडीत होता. या बंकमध्ये रात्र काढल्यावर मला त्याचं फार कौतुक राहिलं नाही, प्रॅक्टिस झालेली असणार.

चौथ्या दिवशी डोंगर. नाव बिशप अँड क्लार्क, ६२० मीटर, शेवटी नुसते दगडधोंडे. मी आधीच फुशारकी मारून ठेवलेली की आम्ही पुण्याचे, सिंहगडाचा चढ साधारण एवढाच, दर महिन्याला जातो. जातो हे खरं आहे. गाडीने, पिठलं-भाकरी खायला. बायको बूट बांधून तयार. मी म्हटलं चौतीस वर्षं क्लार्क म्हणून साहेबांच्या मागे चढलोय, आता रिटायर झालो, बिशपला म्हणावं दुसरा बघ. ती गेली, सगळे गेले.

मी खालच्या हिरवळीवर बसलो. आणि तो आला. उशीएवढा... नाही, गादीच्या वळकटीएवढा, ब्राऊन, आखूड पाय, मागची बाजू चौकोनी. व्हॉम्बॅट. मी वचन दिलेलं, म्हणून हललो नाही, तसाही हलणार नव्हतो. तो माझ्यापासून पाच-सहा हातांवर चरायला लागला, गवत तोडल्याचा करकर आवाज ऐकू येत होता. शेजारच्या दगडावर त्याने, किंवा त्याच्या कोणी भाऊबंदाने, लेंड्या ठेवल्या होत्या, चौकोनी, लुडोच्या फाशासारख्या, नीट रचलेल्या. खरंच चौकोनी असतात. आतड्याची भिंत कुठे ताठ कुठे सैल असते म्हणून तसा आकार येतो, हे शोधणाऱ्यांना २०१९ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. दगडावर ठेवून हद्द आखायची, म्हणजे सातबारा. गोल असत्या तर घरंगळल्या असत्या.

दोन तास आम्ही तसेच बसलो. तो चरायचा, थांबायचा, कुठेतरी बघत बसायचा. मी पण. त्याने मला किती राहिलं विचारलं नाही. वारा सुटला तेव्हा मी जॅकेटची टोपी वर घेतली.

बायको वरून आली, लालबुंद, खूश, आणि हाक न मारता मागूनच फोटो काढला. परतीच्या बोटीत रेंज आल्याबरोबर फॅमिली ग्रुपवर टाकला. हिरवळ, मागे समुद्र, मधे दोन ब्राऊन ढिगारे. पाच मिनिटांत माझ्या बहिणीचा मेसेज, "वहिनी, यातला दादा कुठला?"

हिने टाईप केलं, "डावीकडचा. उजवीकडचा चालतो."