‘स्पॅनिशला स्पेलिंग नाही, व्याकरण नाही’ हे कितपत खरं?

शाळेत परदेशी भाषा निवडायची वेळ आली की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्यात चार दावे असतात. स्पॅनिश जशी लिहितात तशीच बोलतात, म्हणून शुद्धलेखन शिकावं लागत नाही. व्याकरण नावापुरतं आहे. इंग्रजी येत असेल तर वाचलेलं आपोआप कळतं. आणि तीन महिन्यांत मूल फाडफाड बोलायला लागतं. मी स्पॅनिश शिकवते. जास्तीत जास्त मुलांनी ही भाषा घ्यावी असंच मला वाटतं, आणि म्हणूनच हा मजकूर मला खटकतो. यावर विसंबून आलेलं मूल पहिल्या श्रुतलेखनात अडखळलं, की दोष भाषेचा नाही तर आपलाच आहे असं समजून बसतं.

स्पेलिंगचा दावा अर्धा खरा आहे. छापलेला स्पॅनिश शब्द मोठ्याने वाचण्याचे नियम थोडे आणि पक्के आहेत. ते कळले की अनोळखी शब्दही बहुतेक वेळा बरोबर वाचता येतो. इंग्रजीत ही सोय नाही. पण ऐकलेला शब्द लिहायला घ्या. ‘बे’ (b) आणि ‘उवे’ (v) ही दोन अक्षरं, उच्चार एकच. ‘तुबो’ ऐकू आलं तर ‘बे’ने लिहिल्यावर नळी, ‘उवे’ने लिहिल्यावर ‘त्याच्याकडे होतं’. ‘ओला’च्या आधी मूक ‘आचे’ (h) असेल तर नमस्कार, नसेल तर लाट. लॅटिन अमेरिकेत ‘एसे’ (s) आणि ‘सेता’ (z) यांच्यातही उच्चाराचा फरक उरलेला नाही, त्यामुळे ‘कासा’ म्हणजे घर की शिकार हे कानाला कळत नाही, वाक्यावरून ठरवावं लागतं.

स्पेलिंगचा प्रश्नच नसता तर त्यावर इतकी भांडणं झाली नसती. स्पेनमध्ये १७१३ साली स्थापन झालेल्या भाषा अकादमीने १७४१मध्ये लेखनाचे नियम प्रसिद्ध केले, आणि ते आजवर बदलत आले आहेत. चिलीने १८४४मध्ये उच्चाराच्या जवळ जाणारी वेगळी लेखनपद्धती स्वीकारली. अकादमीच्या नियमांकडे तो देश पुरता परतला तो १९२७मध्ये. १९९७मध्ये मेक्सिकोतल्या साकातेकास इथल्या भाषा परिषदेत गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी शुद्धलेखनाला निवृत्त करा, मूक ‘आचे’ गाडून टाका, असं जाहीरपणे सांगितलं, आणि त्यावर मोठं वादळ उठलं. नोबेल मिळालेल्या लेखकाला जे जाचक वाटतं, ते पुण्या-मुंबईतल्या सातवीच्या मुलाला नसतंच असं कसं म्हणता येईल?

त्यात आघातचिन्ह आलं. अक्षरावरची ती छोटी तिरपी रेघ शोभेची नाही. ‘तेर्मिनो’ या शब्दात आघात ‘ते’वर पडला तर मुदत किंवा संज्ञा, ‘मि’वर पडला तर ‘मी संपवतो’, ‘नो’वर पडला तर ‘त्याने संपवलं’. नियम मात्र सरळ आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, ‘न’ किंवा ‘स’ असेल तर आघात शेवटून दुसऱ्या अवयवावर (सिलॅबलवर), इतर व्यंजन असेल तर शेवटच्या अवयवावर. याला अपवाद असेल तिथे रेघ. आपली मुलं इथे चुकतात त्याचं एक कारण मी रोज पाहते. ती वहीत उच्चार देवनागरीत लिहून ठेवतात. देवनागरीत आघात दिसत नाही, आणि ‘उवे’साठी ‘व’ लिहिलं की उच्चारही बिघडतो. ही सवय पहिल्याच आठवड्यात सोडवायला हवी.

व्याकरणाबद्दल काय सांगावं! मराठीत एक ‘असणे’ आहे, स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं. ‘कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार’ हा सोपा मंत्र त्याच मजकुरात पुढे दिलेला असतो, आणि तोही टिकत नाही. मृत्यूपेक्षा कायमचं दुसरं काय असणार? तरीही मेलेल्या माणसाबद्दल ‘एस्ता मुएर्तो’च म्हणतात, म्हणजे एस्तार. घर कुठे आहे हे सांगायला एस्तार, पण समारंभ कुठे आहे हे सांगायला सेर. ‘आबुर्रिदो’ सेरबरोबर आला तर माणूस कंटाळवाणा, एस्तारबरोबर आला तर तो कंटाळलेला. हे वाचून, ऐकून, पुन्हा पुन्हा वापरूनच अंगात मुरतं.

मला सगळ्यात जास्त आक्षेप आहे तो इंग्रजीच्या दाव्यावर. शब्द ओळखीचे दिसतात हे खरं, पण ‘एम्बारासादा’ म्हणजे लाजलेली नव्हे, गरोदर. ‘एक्सितो’ म्हणजे बाहेर जायचा रस्ता नव्हे, यश. वाक्यरचनेत तर इंग्रजी सरळ वाट चुकवते. ‘आ हुआन लो यामो मारिया’ हे वाक्य इंग्रजीच्या सवयीने वाचणारं मूल हुआनने मारियाला बोलावलं असा अर्थ लावतं आणि आकलनाच्या प्रश्नात गुण गमावतं. मराठीतून पाहा: हुआनला मारियाने बोलावलं. तो ‘आ’ आपल्या ‘ला’सारखा आहे. आपण ‘मी घर पाहिलं’ म्हणतो पण ‘मी मीनाला पाहिलं’ म्हणतो. स्पॅनिशही वस्तूला ‘आ’ लावत नाही, माणसाला लावते.

असं बरंच आहे. ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडतं’, आणि पुस्तकं अनेक असली की क्रियापद अनेकवचनी होतं, अगदी ‘आवडतात’सारखं. इंग्रजीतून विचार करणारी मुलं ‘यो गुस्तो’ लिहितात. ‘मी आवडतो’ असं मराठीत त्यांनी कधीच म्हटलं नसतं. ‘काल गेले’ आणि ‘लहानपणी जायचे’ यांतला फरक स्पॅनिशच्या दोन भूतकाळांत मिळतो. ज्या सबहंक्टिव्हला, म्हणजे इच्छा, शंका अशा ठिकाणी येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला, सगळे घाबरतात, त्याच्या बऱ्याच जागी आपल्याकडे ‘यावं, जावं, करावंस’ ही रूपं तयार असतात: ‘तू यावंस असं मला वाटतं’. सगळीकडे जुळत नाही. ‘तू येशील तेव्हा’ इथे मराठीत भविष्यकाळ येतो, स्पॅनिशमध्ये सबहंक्टिव्ह. पण घरात बोलली जाणारी भाषा इतकी मदत करायला उभी असताना वर्गात इंग्रजीतूनच शिकवणं हे मला मुलांचं नुकसान वाटतं.

आणि तीन महिने? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था स्पॅनिशला इंग्रजी भाषकांसाठी सोप्या भाषांच्या गटात ठेवते, आणि तरीही कामापुरतं प्रभुत्व यायला साधारण ६०० ते ७५० तासांचे वर्ग धरते. तेही पूर्णवेळ शिकणाऱ्या प्रौढांसाठी. शाळेतल्या आठवड्याच्या दोन-तीन तासिकांचं गणित कोणीही करू शकेल.

तीन महिन्यांत पाठ केलेल्या वाक्यांवर गप्पा मारता येतात, त्यात आनंदही असतो. परीक्षेत मात्र तेवढ्याने भागत नाही. सेर्वान्तेस या स्पेनच्या संस्थेच्या ‘देले’ या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेत सुरुवातीच्या पातळ्यांवर वाचन आणि लेखन यांचा एक गट असतो, ऐकणं आणि बोलणं यांचा दुसरा, आणि दोन्ही गटांत ५०पैकी किमान ३० गुण वेगवेगळे मिळवावे लागतात. बोलण्यातले जास्तीचे गुण लेखनाकडे वळवता येत नाहीत.