छातीवर टाके, खिशाला कात्री
बायपास होऊन घरी आल्याला आज तेविसावा दिवस. छातीचे हाड सांधेपर्यंत जड काही उचलू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे, पण विम्याच्या कागदांची फाईल त्यांनी वजनात धरलेली दिसत नाही. डिस्चार्ज कार्ड, पावत्या, चिठ्ठ्या सारे दोनदा देऊनही दर आठवड्याला विमा कंपनीची नवी 'क्वेरी' येतेच. हातमोज्यांचे पैसे कापले, हे एकवेळ समजू शकतो. परंतु रुग्णालयातल्या खोलीचे भाडे पॉलिसीच्या मर्यादेबाहेर गेले म्हणून शस्त्रक्रियेच्या शुल्कालाही त्याच प्रमाणात कात्री लावली आहे, जणू महागड्या खोलीतल्या रुग्णाची छाती वेगळ्या पद्धतीने उघडतात! काल उशी छातीशी घट्ट धरून खोकत असतानाच फोन आला, की रद्द केलेला चेक पुन्हा पाठवा. हा तिसरा.