‘पळवाट’ म्हणणाऱ्या त्रस्त वाचकास

नमस्कार.

कॉलवर आवाज नीट न जाणं आणि इको येणं, यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक त्रस्त वाचक’ या नावाने आपण प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. एरवी मी दोन ओळींत उत्तर देते. आपली प्रतिक्रिया मात्र तीनदा वाचली, मध्ये एकदा उठून पाणी प्यायले, आणि लक्षात आलं की दोन ओळींत हे मावणार नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आपलं म्हणणं असं : लेख नको तितका लांब आहे. ब्लूटूथचा मुद्दा आधी यायला हवा होता, तो शेवटी आलाय. माइकच्या भोकात पिन घालू नका हा सल्ला भित्रेपणाचा आहे. मी सांगितलेली सेटिंग आपल्या फोनवर सापडत नाही. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं : “आपला आवाज आपल्यालाच परत आला तर नेहमी समोरच्याच्या फोनकडे बघा, ही सरळसरळ पळवाट आहे, मी फोन बदलला आणि इको गेला, लेखकाने कधी फोन हातात धरलाय का???”

तीनही प्रश्नचिन्हं आपलीच आहेत.

सेटिंगचं मान्य. प्रत्येक कंपनी त्या पानांना स्वतःच्या मर्जीने नावं देते आणि मी माझ्या फोनवर दिसलं ते लिहिलं. चूक माझी, दुरुस्त केली आहे. शिवाय अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत माइकच बंद करायचं बटण ठेवता येतं आणि चुकून बोट लागलं की अ‍ॅपना आवाज मिळणं थांबतं, हेही आता लेखात घातलंय. लांबीबद्दल काय बोलणार, आपण शेवटपर्यंत वाचलात हे प्रतिक्रियेवरून दिसतंच. ब्लूटूथ शेवटी आहे म्हणजे आहे.

पिनेबद्दल. स्मार्टफोनचा माइक म्हणजे भोकामागे बसवलेली सिलिकॉनची चिप, आणि तिच्यात केसापेक्षा कितीतरी पातळ पडदा. आवाजाने तो थरथरतो. पिनेने तो फुटतो. दाबाच्या हवेचा फवारा मारला तरी फुटू शकतो. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. सिमचा ट्रे काढताना मी शेजारच्या भोकात पिन घातली, वर जोरही लावला, आणि पुढचे चार दिवस प्रत्येकाला “हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?” विचारत फिरले. भोकाच्या तोंडाशी धूळ असेल तर कोरडा मऊ ब्रश पुरतो. त्याउपर घालायचीच असेल, तर फोन आपला, पिनही आपली.

आता ‘पळवाट’.

हा शब्द आपण सहज लिहून गेलात, म्हणून तो नेमका कशाला लावलात ते बघू. पळवाट म्हणजे स्वतःवर येऊ घातलेली जबाबदारी चुकवायला शोधलेला रस्ता. माझ्यावर इथे कुठली जबाबदारी होती? आपल्या कॉलमध्ये मी नव्हते. आपला फोन मी बनवला नाही. आवाज कसा फिरतो ते मी सांगितलं, आणि तो तसाच फिरतो. मी बोलते, माझा आवाज समोरच्याच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि माझ्याकडे परत येतो. म्हणजे गळती त्याच्याकडे आणि त्रास मला. त्याला काहीच जाणवत नाही, त्याच्या दृष्टीने कॉल एकदम स्वच्छ असतो. हे उलटं वाटतं खरं. मलाही सुरुवातीला वाटलं होतं. पण उलटं वाटलं म्हणून मी कुणाला ‘फोन हातात धरलाय का’ विचारलं नव्हतं.

तर, हातात धरण्याबद्दल. लेखकाने (लेखिकेने, पण ते जाऊ दे) नऊ वर्षं एका कंपनीच्या मदतकक्षात रात्रपाळी केली आहे. काम एकच : दहा-पंधरा जणांचा कॉन्फरन्स कॉल चालू असताना काही बिघडलं की आत शिरायचं आणि निस्तरायचं. सगळ्यात जास्त तक्रार इकोची. सगळे ओरडत असायचे की माझाच आवाज मला येतोय, आणि एक जण शांतपणे म्हणायचा, “माझ्याकडे तर सगळं ठीक आहे.” तोच तो. आम्ही एकेकाला म्यूट करत जायचो आणि त्याच्यापाशी आलो की इको बंद. शेवटी शेवटी मी म्यूट करतही नसे, कोण ‘सगळं ठीक आहे’ म्हणतंय तेवढंच ऐकायचे. हे मी कुठे वाचून लिहिलेलं नाही, महाशय.

घरातही तेच. माझ्या ताईशी बोलताना माझं प्रत्येक वाक्य अर्ध्या सेकंदाने मला परत ऐकू यायचं. ती फोन टेबलावर ठेवून, स्पीकरवर टाकून, आवाज पूर्ण वाढवून बोलायची. मी म्हटलं, स्पीकर बंद कर किंवा आवाज दोन घरं कमी कर. ती म्हणाली, “म्हणजे माझाच फोन खराब का?” आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी तिचाच फोन आला, कानाला लावून केलेला. इको नव्हता. मी काही बोलले नाही. तीही नाही.

आपल्याला प्रश्न पडेल (पडावा अशी आशा आहे) की मग प्रत्येक कॉलवर इको का येत नाही. कारण प्रत्येक फोनमध्ये तो पुसणारी यंत्रणा असते. स्पीकरमधून काय वाजणार आहे हे फोनला आधीच माहीत असतं. तो आवाज माइकपर्यंत कसा बदलून पोहोचेल याचा अंदाज बांधून फोन तेवढा भाग वजा करतो, आणि अंदाज सतत सुधारत राहतो. ही कल्पना आजची नाही. बेल लॅबोरेटरीज या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधन संस्थेतले मनमोहन सोंधी यांचा अशा स्वतः जुळवून घेणाऱ्या इको कॅन्सलरवरचा शोधनिबंध १९६७ सालचा आहे. तेव्हा दूरध्वनी उपग्रहांवरून जाऊ लागले होते. ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन खाली यायला आवाजाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे आपला शब्द परत यायला अर्धा. एवढ्या उशिराने स्वतःचा आवाज कानात पडला की माणूस बोलताना अडखळतो.

उशीर हाच खरा मुद्दा आहे. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्येही स्वतःचा आवाज थोडा ऐकू यायचा, मुद्दाम ठेवलेला असायचा, पण तो लगेच येत असल्याने खटकत नसे. एका बाजूचा विलंब २५ मिलिसेकंदांच्या पुढे गेला की इकोचा बंदोबस्त करावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. मोबाइलवर आवाजाचे तुकडेच २० मिलिसेकंदांचे असतात, त्यानंतर जाळ्यातला प्रवास वेगळा. त्यामुळे मोबाइलला या पुसण्यावाचून गत्यंतर नाही. आणि पुसणं फसतं ते अशा वेळी : आवाज पूर्ण वाढवल्यावर तो इवलासा स्पीकर फाटका वाजतो आणि अंदाज चुकतो, जाड किंवा सैल कव्हर स्पीकरचा आवाज माइककडे वळवतं, दुरुस्तीनंतर आतली रबरी पट्टी नीट बसलेली नसते आणि आवाज फोनच्या पोटातूनच माइककडे जातो. वायरवाल्या इअरफोनमध्ये तर आवाज हवेतून जायचीही गरज नसते. कानाकडे जाणाऱ्या आणि माइककडून येणाऱ्या तारांची परतीची तार एकच असते, ती कमअस्सल असली की एकाचं दुसऱ्यात झिरपतं.

हे सगळं समोरच्याच्या हातातल्या फोनबद्दल आहे, हे आपल्या लक्षात आलं असेल. समोरची मंडळी आपल्याला “तुझ्याशी बोलताना इको येतो” म्हणत असतील, तर मात्र हे सगळं आपल्या फोनला लागू. लेखात हे दुसऱ्याच परिच्छेदात होतं. पण रागात असलं की दुसऱ्या परिच्छेदापर्यंत जायला जमत नाही, समजू शकते.

राहिलं “मी फोन बदलला आणि इको गेला.” गेला असेल. आपण खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण फोन बदलला त्याच दिवशी समोरच्याने स्पीकर बंद केला नव्हता, हे आपण तपासलंत का? जुन्या फोनवर त्याच माणसाला, त्याच खोलीत, त्याला फोन कानाला लावायला सांगून पुन्हा कॉल केलात का? नसेल केला, तर तो नुसता योगायोगही असू शकतो. मदतकक्षात असे योगायोग मी रोज ऐकत असे. कुणी खुर्ची बदलली आणि इको गेला, कुणी खिडकी लावली आणि गेला.

हो, एक शक्यता आहे. आपल्या जुन्या फोनचा माइक आवाज प्रमाणाबाहेर मोठा करून पाठवत असेल, तर तो समोरच्याच्या स्पीकरमधून फाटका बाहेर पडेल, आणि मी वर म्हटलं तसं त्याच्या फोनला तो पुसता येणार नाही. नवा फोन बेताचा आवाज पाठवतो, इको जातो. अशा वेळी कारण आपल्याकडे असतं. हे मला माहीत होतं. लेखात घातलं नाही, कारण लेख आधीच लांब झाला होता, आणि लांबीबद्दल आपलं मत आपण कळवलंच आहे.

तरीही जुना फोन अजून घरात असेल तर व्हॉइस रेकॉर्डरवर आपला आवाज टेपून ऐका. मग पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्याने एकेक व्हिडिओ काढून त्यातलाही ऐका. बऱ्याच फोनमध्ये या तीन ठिकाणी वेगवेगळे माइक काम करतात. रेकॉर्डरमधला आवाज चरचरत, फाटत असेल तर मला कळवा. प्रश्नचिन्ह एक पुरेल.

आणि लेखातल्या त्या वाक्यातला ‘नेहमी’ काढून ‘बहुतेक वेळा’ केलं आहे. आपल्या स्वरामुळे नव्हे.